तुम्ही विचारलंत म्हणून: मिस्साला एवढी उठबस कशासाठी?

मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना. वसईत आमच्याकडे लग्नाला, बाप्तिस्म्याला चर्चमध्ये येणारे मित्र हमखास विचारतात, तुम्ही लोक सारखे उठता काय, बसता काय, मधेच गुडघ्यावर काय, हे ठरवतं कोण?

ठरलेलं आहे, आणि जगभर जवळपास सारखंच. सुरुवातीची वाचनं आणि प्रवचन बसून ऐकायचं, निवांत, मनात मुरू द्यायचं. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा भाग, आलं की सगळे उभे, कारण तेव्हा ख्रिस्त स्वतः बोलतोय ही आमची श्रद्धा, म्हणून कपाळावर, ओठांवर, छातीवर अंगठ्याने छोटे क्रूस काढतो, वचन डोक्यात राहो, तोंडी येवो, काळजात राहो. भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतात तेव्हा गुडघ्यावर.

बऱ्याच जणांना वाटतं गुडघे टेकणं म्हणजे सगळ्यात मोठी भक्ती. मला नाही तसं वाटत. इ.स. 325 च्या निकेया परिषदेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, तर सांगितलं होतं की रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतर साधारण सात आठवड्यांनी येणारा सण) प्रार्थना उभ्यानेच करा. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, बाप्तिस्म्याने आपणही त्याच्यासोबत उठलो, मग उभं राहणं हीच त्या आनंदाची साक्ष ना! गुडघे तेव्हा मुख्यतः पश्चात्तापाचे होते, आराधनेचा अर्थ नंतर ठळक झाला. मला दोन्ही हवेत, पण उभं राहताना आपण कंटाळून एका पायावर रेलतो ते बघून वाईट वाटतं.

गुड फ्रायडेला फादर येतात आणि एक शब्द न बोलता वेदीपुढे पालथे आडवे होतात. गुरुदीक्षेच्या, म्हणजे फादर होण्याच्या विधीच्या वेळी नवे धर्मगुरूही असेच पडतात. बोलण्यासारखं काही उरलंच नाही की शरीरच प्रार्थना करतं, हे मला तिथे पटलं.

आणि हे फक्त युरोपचं नाही हं. 1969 मध्ये रोमने भारतासाठी परवानगी दिली की जमिनीवर बसा, चपला काढा, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाका, गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवून केलेला पंचांग प्रणामसुद्धा चालेल. आपल्या कोकणातल्या माणसाला भुईवर मांडी घालणं, वाकून नमस्कार करणं कोणी शिकवावं लागत नाही, तरी चर्चमध्ये हे फार कमी दिसतं, जास्त व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गुडघे दुखणाऱ्या आज्या, मावश्या विचारतात, टेकता येत नाही, पाप लागेल का गो? अजिबात नाही. नियमातच लिहिलंय, तब्येतीमुळे जमत नसेल तर उभं राहा, आणि त्या वेळी फादर गुडघा टेकतात तेव्हा खोल वाका.

तुम्ही पाहुणे म्हणून आलात तर आमच्यासोबत उभे राहा, आम्ही गुडघ्यावर असताना खुशाल बसा. कम्युनियनच्या, म्हणजे ती पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत मात्र येऊ नका, जागेवरच थांबा, कोणालाही त्यात वावगं वाटत नाही.