पहिल्यांदा एकच

“पहिल्यांदा एकच,” म्हणत काकांनी रिव्हॉल्व्हरच्या पाच घरांच्या सिलिंडरमध्ये एकच काडतूस सरकवलं. (टेक्सासमधल्या नेमबाजीच्या रेंजवर कोणी कोणाला काका म्हणत नाही, पण माझ्या तोंडून तेच येतं.)

काडतुसाचं नाव .४५-७०. बोटाएवढं लांब. १८७३ साली अमेरिकी लष्कराने रायफलीसाठी घेतलेलं, आणि इथे बीएफआर नावाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये! दोन किलोचं धूड. मागचा घोडा दर वेळी अंगठ्याने ओढायचा.

बार झाला आणि हात थेट कपाळापर्यंत. कान झाकलेले, तरी छातीत धप्प.

काकांनी नळीखालच्या दांडीने काडतुसाचं रिकामं पितळी कवच बाहेर ढकललं, पँटला पुसलं, डबीत ठेवलं. घरी पुन्हा भरतात म्हणे.

“दिवसाला किती उडवता?”

“पाच. सहाव्या गोळीला मनगट नको म्हणतं.”

आता चहाचा कप डाव्या हातात धरलाय. मुळात हे रिव्हॉल्व्हर घेतलं कशाला, हे विचारायचंच राहिलं.