लेफ्ट विंगला कोण होतं?

माझ्या ओळखीत एक इंग्रज आजोबा आहेत. त्यांचा फुटबॉल क्लब इंग्लंडच्या लीगच्या उतरंडीत कायम चौथ्या पायरीवर. बरे दिवस आले की तिसऱ्या, वाईट आले की पाचव्या. त्यांना वर्ल्ड कपचं काही विचारलं तर ‘झाला बरा’ म्हणून मोकळे होतात. पण ‘तुमच्याकडे तेव्हा लेफ्ट विंगला कोण होतं हो?’ एवढी काडी टाकली, की पुढच्या तासाभराची निश्चिंती.

ते ज्यांच्याविषयी बोलतात त्यांची नावं तुम्ही-आम्ही ऐकलेली असणं शक्यच नाही. एक स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला गडी होता, त्याने तुडवलेला बॉल बाहेरच्या रस्त्यावरून परत आणावा लागे. एक गोलकीपर, मागच्या प्रेक्षकांना सारखा ‘किती वाजले?’ विचारणारा. एक स्ट्रायकर, दोन हंगामांत गोल चार, पण चारही पावसात. हे सांगताना आजोबांचा आवाज असा ओला होतो, की माणूस घरातल्यांबद्दल बोलतोय असं वाटावं.

तसं ते असतंही. मैदान छोटं. कठड्याला रेलून उभं राहिलं की थ्रो-इन घेणारा हाताच्या अंतरावर. त्याची धाप ऐकू येते, पोटरीवरचा चिखल दिसतो आणि आपण हासडलेली शिवी त्याला नीट पोचते. आजोबा एकदा त्या स्टॉपरवर ओरडले, ‘माझी आजी याहून बरं खेळेल!’ तो वळून म्हणाला, ‘मग आणा की तिला, आम्हाला माणसं कमीच पडतायत.’ आता याला विसरायचं कसं?

या सगळ्या मंडळींचा राजा म्हणजे रेडिंग क्लबचा रॉबिन फ्रायडे. 31 मार्च 1976, चौथ्या डिव्हिजनची मॅच, समोर ट्रॅनमिअर रोव्हर्स. गोलकडे पाठ, बॉल छातीवर घेतला, गर्रकन वळला आणि लांबून सणसणीत वरच्या कोपऱ्यात. रेफरी होते क्लाइव्ह थॉमस, वर्ल्ड कपमध्ये शिट्टी वाजवलेले. त्यांनी डोक्यालाच हात लावला. नंतर कौतुक करायला गेले तर फ्रायडे म्हणाला म्हणे, इकडे येत जा की, मी दर आठवड्याला करतो असं.

त्या गोलचं चित्रण नाही. म्हणून कोणी पंचवीस यार्ड सांगतो, कोणी पस्तीस, आणि दोघंही शपथेवर. फ्रायडे 1990 मध्ये गेला, अवघ्या 38व्या वर्षी. गोल मात्र अजून यार्डा-यार्डाने मागे सरकतोच आहे. 1999 मध्ये रेडिंगच्या चाहत्यांनी त्याला सहस्रकाचा खेळाडू ठरवलं. क्लब 1871चा, पण तेवढी सूट द्यायला माझी हरकत नाही.

हेरफर्ड या छोट्या क्लबच्या रॉनी रॅडफर्डचं उलटं झालं. 1972 साली एफए कपमध्ये, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, त्याने चिखलातून बड्या न्यूकॅसलला मारलेला गोल बीबीसीने टिपला आणि ती स्पर्धा आली की तो पुन्हा पुन्हा दाखवतात. पेशाने सुतार असलेल्या माणसाचा अप्रतिम गोल. पण तो अख्ख्या देशाचा झाला, हेरफर्डवाल्यांना त्यात भांडायला जागाच उरली नाही. मला खरी दया येते रिकी जॉर्जची. बरोबरी रॅडफर्डने केली. जादा वेळेत मॅच जिंकून दिली जॉर्जने. त्याचा गोल आठवायला मात्र लोकांना डोकं खाजवावं लागतं.

आणि कार्लाइल क्लबचा जिमी ग्लास! गोलकीपर, तोही उसना आणलेला. क्लबसाठी एकूण मॅचेस तीन. 8 मे 1999, हंगामाचा शेवटचा दिवस, 1-1, मॅचचे शेवटचे काही सेकंद. जिंकलं नाही तर 1928 पासून लीगमध्ये असलेला क्लब बाहेर. ग्लास आपला गोल उघडा टाकून कॉर्नरला पुढे धावला, बॉल नेमका त्याच्यासमोर पडला आणि त्याने तो जाळ्यात घातला. पुढे त्याने टॅक्सी चालवली. चारशे-चारशे मॅचेस इमानाने खेळलेल्या डिफेंडरांना याचा राग येत असेल का, असं मला अधूनमधून वाटतं.

लेफ्ट विंगचं राहिलंच. परवा आजोबांना त्या पोराचं नाव आठवेना. केस आठवले, डाव्या गुडघ्यावरचं बँडेज आठवलं, नाव नाही. झोप कुठली लागणार? रात्री साडेदहाला जुन्या मित्राला फोन लावला. मित्राने नाव एका दमात सांगितलं आणि वर म्हणाला, ‘पण तो उजवीकडे खेळायचा.’

मी माझा कोट उचलला आणि निघालो. आजोबा खुर्ची फोनजवळ ओढून घेत होते.