मोठ्या मायचा आवाज कुठे ठेवायचा

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या अमळनेरच्या घरी कानबाई, म्हणजे आमची खानदेशी देवी, बसते. रोटांचा नैवेद्य, आरती आणि मग रात्रभर अहिराणी गाणी. २०१६ पासून मी ती रेकॉर्ड करतोय. चाळीस तास भरले आहेत, त्यातला निम्म्याहून जास्त आवाज मोठ्या मायचा. ती मागच्या वर्षी गेली.

मार्चमध्ये लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही म्हणून मी २०१९चं फोल्डर उडवलं. क्लाउडवर आहेच, असं मनात होतं. पण तिथे सिंक चालू होतं. सिंक दोन्हीकडे सारखं ठेवतं. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं. कचरापेटीत फाइली तीस दिवस राहतात आणि मला कळलं दीड महिन्यानं. त्या रात्रीतली मामेबहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेली चार मिनिटं तेवढी उरली.

मग नीट बसून विचार केला. माझं रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवलेलं. ती मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे चाळीस तासांचे २४ जीबी. एमपी३ केलं तर जागा वाचते, पण आवाजातलं काही कायमचं जातं, म्हणून फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या फाइलींत केलं. त्यात आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि आवाज जसाच्या तसा राहतो.

ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क घेतल्या. चिपवर डेटा ठेवणारी एसएसडी वेगवान खरी, पण वीज न देता महिनोन्‌महिने पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरू शकतो, उष्णतेत जास्तच. आमचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. हार्ड डिस्क पडली की बिघडते, म्हणून एकीवर भरवसा नाही. कॉपी झाली की ती काढूनच ठेवायची; जोडलेली राहिली तर लॅपटॉपमधला व्हायरस तिच्यातही शिरतो. दुसरी डिस्क धुळ्याला ताईकडे. एकाच घरात दोन्ही ठेवल्या तर चोरी, आग, पाणी दोन्ही एकदमच नेणार. क्लाउड तिसरं, पण आता सिंकशिवाय, हातानं चढवलेलं.

कानबाईनंतर आठवडाभरात राखी येते. नवी गाणी भरलेली डिस्क धुळ्याला न्यायची, तिथली परत आणायची, असं ठरवलंय. नुसतं फोल्डर दिसून भागत नाही, फाइल उघडून ऐकावी लागते. यंदा ताईनं तिच्या संगणकावर पहिली लावली ती तीच चार मिनिटं. मोठी माय मध्येच थांबून कुणाला तरी म्हणते, ‘दार लाव.’ ताईनं ते तीनदा ऐकलं.