आकडे, मुलाखती आणि 'करमत नाही'

पुण्यात मानसशास्त्राची पदवी घेताना टी-चाचणीची, म्हणजे दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणाऱ्या चाचणीची, गणिते आम्ही कॅल्क्युलेटरवर सोडवत असू आणि उत्तर तक्त्यातल्या मूल्यापेक्षा मोठे आले की 'फरक सार्थक आहे', म्हणजे तो निव्वळ योगायोगाचा नसावा, असे लिहीत असू. ग्लासगोला एम.एस्सी.साठी आल्यावर मात्र पहिला प्रश्न आला तो विदा, म्हणजे अभ्यासासाठीची माहिती, गोळा करण्याच्याही आधीचा: माणसे किती लागतील?

दोन स्वतंत्र गटांतला मध्यम फरक, म्हणजे फरक प्रमाण विचलनाच्या पटीत सांगणाऱ्या कोहेन यांच्या मापाने ०.५, दुतर्फी ०.०५ पातळीवर (फरक कोणत्याही दिशेचा धरून, आणि तो नसताना 'आहे' म्हणण्याची चूक पाच टक्क्यांपर्यंतच चालवून घेऊन) ८० टक्के शक्यतेने टिपायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसे हवीत. वीस-वीसच घेतली, तर ती शक्यता जेमतेम एक-तृतीयांश उरते. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत मात्र ३६ टक्केच. यामागची कारणे अनेक आहेत, पण छोटे नमुने हे त्यांतले एक महत्त्वाचे, आणि हे पदवीच्या वर्गातच शिकवले जायला हवे, असे मला मनापासून वाटते.

गुणात्मक विश्लेषण, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातल्या अर्थाचे विश्लेषण, सोपे जाईल, हा माझा समज प्रबंधाच्या वेळी मोडला. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या मुलाखती मी ब्राउन आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडलेल्या आशयसूत्र-विश्लेषणाच्या पद्धतीने तपासत होते. आशयसूत्रे, म्हणजे मुलाखतींना जोडणारे अर्थाचे धागे, मुलाखतींतून आपोआप वर येत नाहीत, ती संशोधक घडवतो, असे त्या दोघी आग्रहाने सांगतात. त्याचा अर्थ मला एका वाक्यापाशी कळला. एक मुलगी म्हणाली, "खोली छान आहे, मैत्रिणीही आहेत, पण करमत नाही." मी इंग्रजी भाषांतरावर काम करत होते आणि तिथे 'कंटाळा' या अर्थाचा शब्द लिहून बसले होते. दुसऱ्याच मुलाखतीत "कामातून डोके वर काढायला वेळ नाही, तरी करमत नाही" असे आले, तेव्हा तो कोड, म्हणजे वाक्याला दिलेले अर्थाचे लेबल, टिकेना. घरची आठवण म्हणावे, तर तिसरा विद्यार्थी सुटीत घरी गेल्यावर तिथेही करमले नाही, असे सांगत होता.

मग सगळे कोडिंग मी मूळ मराठी मजकुरावर पुन्हा केले. त्यात तीन आठवडे गेले. मार्गदर्शक बाईंना मराठीचा गंध नव्हता. तरी, 'मला करमत नाही' या रचनेत 'मी' कर्ता नसतो, मन रमणे आपल्या हातात नसल्यासारखे आपण बोलतो, हे सांगितल्यावर त्यांनीच तो शब्द भाषांतर न करता ठेवायला सुचवले. इंग्रजी प्रबंधात पहिल्या आशयसूत्राचे नाव आता देवनागरीत आहे आणि त्याखाली त्याचा अर्थ उलगडणारे अर्धे पान.