कांसेवरचा पूल आणि अण्णांचे नाव

पावसाचे पाणी विश्वामित्री नदीकडे वाहून नेणाऱ्या ओढ्यांना बडोद्यात ‘कांस’ म्हणतात. भूखी, रुपारेल आणि मसिया या त्यांतल्या सर्वांना माहीत असलेल्या. अशाच एका कांसेचा लहान फाटा आमच्या वसाहतीच्या मागून वाहतो आणि त्यावर एक छोटा पूल आहे. या पुलाला अण्णांचे नाव मिळावे यासाठी आम्ही काही रहिवाशांनी जवळजवळ दोन वर्षे पाठपुरावा केला. असे काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव येथे लिहीत आहे. अण्णांचे पूर्ण नाव मी लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना ते या लेखात नको आहे, आणि आम्हा सर्वांनाही ते अण्णा म्हणूनच परिचित होते.

अण्णा शाळेत चित्रकला शिकवत असत. आज जेथे पूल आहे तेथे पूर्वी सिमेंटच्या दोन नळ्यांचे गरनाळे होते आणि जोराचा पाऊस झाला की पलीकडच्या मुलांची शाळा बुडत असे. तेथे पूल व्हावा म्हणून अण्णांनी केलेल्या अर्जांच्या प्रती त्यांच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत आजही आहेत. पूल झाल्यावर त्यांनी स्वतःहून आणखी एक काम अंगावर घेतले. पुलाच्या आतल्या भिंतीवर त्यांनी तैलरंगाने फुटांच्या खुणा केल्या आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाणी जेथवर चढले होते तेथे रेघ ओढून वर्ष लिहिले. 2005, 2014 आणि 2019 अशा तीन रेघा त्यांच्या हातच्या आहेत. विश्वामित्रीची धोक्याची पातळी शहरातील ‘काळा घोडा’ या ठिकाणाजवळच्या पुलापाशी 26 फूट मानली जाते. पण नदी भरली की कांसेचे पाणी नदीत शिरू शकत नाही, ते मागे फिरून वस्तीत पसरते, आणि आमच्या घरांना खरा धोका या मागे फिरलेल्या पाण्याचा असतो. अण्णा रात्री विजेरी घेऊन पुलाशी उभे राहत, पाणी कोणत्या खुणेला टेकले ते पाहत आणि तळमजल्यावरच्या लोकांना वेळेवर वर पाठवत. पाण्याबरोबर मगरी वस्तीत येतात, म्हणून मुलांना घरात ठेवण्याचा त्यांचा आग्रह असे. त्या काळात त्यांच्या हाताखाली दोर धरणारी मुले आज चाळिशीत आहेत.

त्यांच्या शोकसभेत पुलाला त्यांचे नाव देण्याची सूचना प्रथम एका गुजराती शेजाऱ्यांनी मांडली, हे मी मुद्दाम नोंदवते. अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. बडोदे महानगरपालिकेचे 19 वॉर्ड असून प्रत्येकातून चार नगरसेवक निवडून येतात. आम्ही आमच्या वॉर्डातील चारही जणांना भेटलो आणि रहिवाशांच्या सह्यांसह अर्ज दिला. त्यावर पहिलाच प्रश्न आला तो पूल कोणाच्या मालकीचा, हा. शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांत एखादा रस्ता महानगरपालिकेचा, एखादा राज्याच्या मार्ग व मकान विभागाचा, तर एखादा नागरी विकास प्राधिकरणाने आखलेला असतो, आणि ज्याची मालकी त्यालाच नाव देण्याचा अधिकार. तोंडी चौकशीत प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळाल्यावर आम्ही माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. गुजरातमध्ये त्याचे शुल्क 20 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. पूल महानगरपालिकेचाच असल्याचे लेखी उत्तर हाती आले, त्यानंतर हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. पहिल्या दिवशीच हे केले असते तर निदान चार महिने वाचले असते.

पुढचा अडथळा अण्णांच्या नावाचाच होता. मृत्यूच्या दाखल्यावर, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर आणि शाळेच्या जुन्या नोंदीत त्यांचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले होते. गुजरातेत आडनाव, म्हणजे ‘अटक’, आधी लिहिण्याची पद्धत आहे; मराठी घरांत स्वतःचे नाव आधी येते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांच्या कागदपत्रांत हे दोन्ही क्रम मिसळलेले सापडतात. अखेर काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, ई-स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे लिहून दिले आणि त्याच कागदावर नामकरणाला कुटुंबाची संमतीही नोंदवली.

या सगळ्यात मला सर्वाधिक शिकवून गेली ती एक हरकत. पुलापलीकडे भरवाड समाजाची जुनी वस्ती आहे. त्यांच्या म्हशी पूर्वी या कांसेवर पाण्याला येत, म्हणून त्या जागेला आसपासचे लोक भरवाडांचे गरनाळे म्हणत आले आहेत. आमच्या अर्जाची वार्ता पोहोचल्यावर तेथील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. ते म्हणाले, “बेन, अण्णांचे नाव जरूर द्या, आमच्या पोरांनाही त्यांनी पाण्यातून काढले आहे. पण त्यासाठी आमच्या वडिलांचे नाव पुसू नका.” आमच्यातील काहींना ही विनाकारण आडकाठी वाटली, मला ती रास्त वाटली आणि आजही वाटते. आपल्या शहरात सयाजीबागेला लोक कमाटीबाग म्हणतात आणि सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याची जागा काळा घोडा म्हणूनच ओळखली जाते. ज्या महाराजांनी 1906 साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यांच्या नावालाही लोकांच्या तोंडचे नाव बाजूला सारता आलेले नाही, मग आम्ही सह्यांच्या बळावर एका वस्तीची ओळख का खोडावी? तीन बैठकांनंतर आम्ही अर्ज बदलला. रस्त्याचे आणि जागेचे नाव आहे तेच राहील आणि केवळ पुलाला अण्णांचे नाव दिले जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले. दुरुस्त अर्जावरची पहिली सही त्या भरवाड काकांची आहे.

वसाहतीतील तरुणांची इच्छा पुलाच्या तोंडाशी अण्णांचा अर्धपुतळा बसवण्याची होती आणि त्यासाठी वर्गणीही जमू लागली होती. मात्र सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी दिलेला आहे. हे समजावून सांगताना मुले नाराज झाली, पण रस्ता आधीच अरुंद असल्याने मला स्वतःला तो आदेश योग्यच वाटतो. जमलेली वर्गणी ज्याची त्याला परत केली.

त्यानंतरचा काळ वाट पाहण्यात गेला. मार्च 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जूनपर्यंत विषय पुढे सरकण्याचा प्रश्नच नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस पूर आला. विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि आमच्या तळमजल्यांत छातीएवढे पाणी शिरले. अण्णांशिवायचा तो पहिला पूर होता. दोर काढले गेले, वृद्धांना वर नेले गेले, परंतु पाणी कोणत्या खुणेला आहे हे रात्री पुलाशी जाऊन पाहण्याचे कुणाच्याच ध्यानात आले नाही आणि तीन घरांतील सामान त्यामुळे वाचवता आले नाही. गणपतीपर्यंत आम्ही चिखल काढत होतो. नामकरणाचा विषय काढण्याचा संकोच वाटत असताना काकूंनीच विचारले, “त्या कागदाचे पुढे काय झाले?”

नावाचा अंतिम निर्णय नगरसेवकांच्या समग्र सभेत होतो. त्या दिवशी आम्ही काही जण खंडेराव मार्केटच्या इमारतीत, जेथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे, प्रेक्षकांत बसलो होतो. विषय पुकारला गेला, कुणी हरकत घेतली नाही आणि मिनिटभरात ठराव मंजूर झाला. बाहेर आल्यावर अण्णांची मुलगी मार्केटच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिली. ठरावाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात अर्ज करून घ्यावी, असे मी सर्वांना सुचवीन. फलकावरचा मजकूर तपासताना आम्हाला तिचाच आधार झाला. फलक गुजराती व इंग्रजीत आहे आणि आमच्या विनंतीवरून अधिकृत नावापुढे कंसात ‘अण्णा’ हा शब्द आला आहे.

फलक लागण्याच्या दोन दिवस आधी पूल रंगवायला माणसे आली, तेव्हा आतल्या भिंतीवरच्या रेघा पुसल्या जातील हे आमच्या लक्षात आले. मी कामावरच्या अभियंत्यांना खाली नेऊन ती तीन वर्षे दाखवली. त्यांनी काही न बोलता रंगाऱ्यांना तेवढा पट्टा सोडायला सांगितले. भिंतीवर 2024 ची रेघ नव्हती. शेजारच्या घराच्या भिंतीवर चिखलाचा डाग अजून दिसत होता. त्या उंचीला दोरी ताणून अण्णांच्या मुलीने ती जागा पुलाच्या भिंतीवर मोजून घेतली आणि वडिलांच्याच पेटीतल्या ब्रशने रेघ ओढून वर्ष लिहिले. बाकीच्या तिन्ही रेघा तिच्या बऱ्याच खाली आहेत.