तुम्ही विचारलंत म्हणून: परत का गेले?

"1993 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्ब फुटला, तरी त्याच टॉवरमध्ये कामाला परत गेलात?" जर्सी सिटीत आमच्याकडे उतरणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो. मला त्यात 'वेड्याच आहात' असं ऐकू येतं.

माझा व्हिसा माझ्या कंपनीच्या हातात होता, हे माझं ठरलेलं उत्तर. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

26 फेब्रुवारी, शुक्रवार. बारा वाजून गेलेले, मी उत्तर टॉवरच्या 61व्या मजल्यावर डबा उघडत होते. दणका बसला, दिवे गेले. वाटलं, ट्रान्स्फॉर्मर उडाला. जिन्यात आणीबाणीचे दिवेही बंद, आणि जिन्याचं धुराडं झालेलं. पुढच्या बाईच्या कोटाचा पट्टा मी मुठीत धरला. वळण आलं की ती ओरडायची, "लँडिंग!" म्हणजे आता पायरी नाही. चाळिसाव्या मजल्याच्या आसपास रांग थांबली ती थांबलीच. मी रामरक्षा सुरू केली. मधला श्लोक आठवेना, की परत पहिल्यापासून. अडीच तासांनी बाहेर आलो तर बर्फ भुरभुरत होता. त्या बाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. नाकपुड्यांभोवती काजळी. म्हणाली, "आता पट्टा सोडलास तरी चालेल."

सहा जण गेले. टॉवर उभा राहिला, आणि मला, हसू नका, त्याचाच अभिमान वाटला. वारा सुटला की संडासातलं पाणी हिंदकळायचं, भिंती कुरकुरायच्या. तरी 110 मजले उभेच. एवढं सोसलं, आता काय होणार?

मग जिन्यांत अंधारात चमकणारा रंग आला, बॅटरीचे दिवे आले, कवायती आल्या. कवायतींवर कुरकुरणाऱ्यांत मी पहिली. 1998 मध्ये नोकरी बदलली. शहाणपणाने नव्हे, पगारासाठी.

2001 मध्ये हडसन नदीच्या अलीकडच्या, जर्सी सिटीच्या काठावरून पाहिलं. 8:46 ला विमान धडकलं, 10:28 ला उत्तर टॉवर कोसळला. तेव्हाची मी अजून हुज्जत घालते: 102 मिनिटं तरी उभा राहिला ना? त्याच जिन्यांनी हजारो उतरले ना? आणि धडकेच्या वरच्यांचं काय? तिथले तिन्ही जिने तुटले होते. यावर ती गप्प बसते. मीही.

त्या सहा जणांच्या नावांचं ग्रॅनाइटचं कारंजं प्लाझावर होतं. त्याच्या कडेला बसून मी पोळी-भाजी खायचे, नावं न वाचता. ते कारंजंही ढिगाऱ्यात गेलं. एक तुकडा सापडला. ती सहा नावं आता उत्तर टॉवरच्या जागी केलेल्या स्मारकाच्या तळ्याच्या कठड्यावर कोरली आहेत. पाहुण्यांना तिथे नेते तेव्हा आधी तीच दाखवते. ते फोटो काढतात आणि विचारतात, "पण परत का गेलात?"