सोरेंटोसमोरची दुपार आणि साठ मिलीचा प्रश्न

ऑगस्टमध्ये नेपल्सच्या आखातात दुपारी वारा पडला की जहाजाच्या उघड्या डेकवर उभं राहवत नाही. त्या दिवशी आम्ही सोरेंटोसमोर नांगर टाकून होतो. मोठ्या जहाजाला तिथे धक्का नाही. प्रवासी टेंडर बोटींनी मरीना पिक्कोलाला उतरतात. समोर उभा कडा, कड्यावर गाव आणि गावाच्या आसपास लिंबांच्या बागा. मी मालवणचा, बारटेंडर म्हणून समुद्रावर बरीच वर्षं काढली, पण लिंबाला एवढा मान देणारा दुसरा किनारा मी पाहिलेला नाही. इथले बागायतदार झाडांवर चेस्टनटच्या वाशांचा मांडव घालतात आणि थंडीवाऱ्यापासून फळ जपायला त्यावर गवताच्या चटया पसरतात. सोरेंटोच्या लिंबाला 2000 साली युरोपचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

चार वाजता आमच्या पूल बारवर पार्टी होती. एका इटालियन जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, त्यामुळे पाहुण्यांत निम्मे तरी सत्तरीचे. पेय एकच ठरलेलं: लिमोन्चेल्लो स्प्रिट्झ. लिमोन्चेल्लो म्हणजे लिंबाच्या सालीची गोड दारू, आणि ती फसफसत्या वाइनमध्ये व सोड्यात मिसळली की स्प्रिट्झ. ऑफिसकडून आलेल्या कार्डावर प्रमाण होतं 60 मिली लिमोन्चेल्लो, 90 मिली प्रोसेको, म्हणजे इटलीची फसफसती वाइन, आणि वर 30 मिली सोडा.

बाराच्या सुमारास खालच्या डेकवर एक वयस्कर बाई खुर्चीतून उठता उठता पुन्हा खाली बसल्या. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी बर्फ आणायला खाली गेलो होतो, म्हणून समोरच होतो. जहाजाची नर्स आली, बाईंना सावलीत नेलं, पाय उंच ठेवले, पाणी पाजलं. थोड्या वेळाने त्यांना बरं वाटलं. ऊन आणि दारू, दोन्ही एकदम बाधलं, असं नर्स म्हणाली. बाई मात्र पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मी दारू कुठे घेतली? लिंबाचं सरबतच तर होतं." त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्याच स्प्रिट्झचे तीन रिकामे ग्लास होते.

वर आलो ते डोक्यात आकडेमोड घेऊनच. बिलाच्या कागदामागे मांडून पाहिलं. आमचा लिमोन्चेल्लो 30 टक्क्यांचा. साठ मिलीत शुद्ध अल्कोहोल 18 मिली. प्रोसेको 11 टक्क्यांची, नव्वद मिलीत जवळपास 10. एका ग्लासात 28 मिली! आपल्याकडे व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते, तिच्या 60 मिलीच्या मोठ्या पेगमध्ये साधारण 26 मिली येतं. म्हणजे सरबत समजून तीन ग्लास घेणारी बाई तीन मोठ्या पेगांच्या पुढे गेली होती, तेही भर उन्हात आणि बहुतेक रिकाम्या पोटी.

ही गोम कार्डातच होती. 60 आणि 90 हे माप आपेरोल स्प्रिट्झचं आहे. आपेरोल ही नारिंगी, कडवट-गोड इटालियन दारू फक्त 11 टक्क्यांची, तिला ते शोभतं. तिथे ग्लासात साडेसोळा मिलीच अल्कोहोल येतं. बाटली बदलली आणि माप तसंच राहिलं.

मी कागद घेऊन सुपरवायझरकडे गेलो. तो क्रोएशियाचा, कडक पण ऐकून घेणारा. म्हणाला, "अर्धा लिमोन्चेल्लो घातलास तर पाहुणे म्हणतील पाणी पाजतायत."

"चव कमी नाही होणार. एक ग्लास करून देतो, पिऊन सांगा."

यातली गंमत अशी की लिमोन्चेल्लोत लिंबाचा रस नसतोच. फळाची फक्त पिवळी साल, आतला कडवट पांढरा भाग न घेता, कडक स्पिरिटमध्ये मुरत ठेवतात. सालीतलं तेल स्पिरिटमध्ये उतरतं, मग त्यात साखरेचा पाक घालतात. पाक पडला की सोनेरी पाणी दुधट होतं, कारण विरघळलेलं तेल बारीक थेंब होऊन बाहेर पडतं. म्हणून त्यात लिंबाचा वास भरपूर, गोडवा भरपूर, आंबटपणा मात्र जवळजवळ नाहीच. उन्हात तहान भागल्यासारखं वाटतं ते आंबट, गार आणि फसफसतं प्यायल्यावर. लिमोन्चेल्लो वाढवून यातलं काहीच वाढत नाही, फक्त साखर आणि नशा वाढते.

मी 30 मिली लिमोन्चेल्लो घेतला, 10 मिली ताजा रस, 90 मिली प्रोसेको आणि 60 मिली सोडा. प्रोसेकोही बदलली. कोठारात एक्स्ट्रा ड्राय आणि ब्रुट दोन्ही होत्या. ड्राय म्हणजे खरं तर कमी गोड, पण नावाच्या उलट एक्स्ट्रा ड्राय ब्रुटपेक्षा जास्त गोड असते, लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखर. ब्रुटमध्ये 12च्या आतच, म्हणून तीच घेतली. सुपरवायझरने घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. "कार्ड मी बघतो," एवढंच म्हणाला. आता ग्लासात अल्कोहोल 19 मिली होतं.

हाताखालचा पोरगा वेंगुर्ल्याचा, नवाच होता. "दादा, सगळं आधीच एकत्र करून ठेवूया ना, घाई व्हायची नाही." फसफसणारं काही आधी मिसळायचं नसतं, गॅस उडून जातो. पण रस आणि लिमोन्चेल्लो चालतात. आम्ही ते एकास तीन या मापाने बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये टाकले, म्हणजे ग्लासला सरळ 40 मिली. प्रोसेको आणि सोडा बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवले. गार द्रवात गॅस टिकतो. कोमट बाटली उघडली की अर्धी मजा फेसातच जाते.

पोराला एक ग्लास सावकाश करून दाखवला. मोठा वाइन ग्लास, काठापर्यंत बर्फ. बर्फ कमी घातला तर पेय गार राहत नाही आणि उरलेला भराभर वितळून सगळं पचपचीत करतो. ग्लास तिरका धरून आधी प्रोसेको, मग मिश्रण. ते जड असतं, बर्फाच्या खड्यांमधून पिवळ्या दोऱ्यासारखं खाली उतरत जातं. मग सोडा, आणि चमचा तळापर्यंत घालून एकदाच वर उचलायचा. घुसळायचं नाही. शेवटी सालीची पट्टी ग्लासावर पिळायची, तेलाचे तुषार वर पडतात आणि पहिला वास तोच येतो.

पार्टीत आजोबा, म्हणजे उत्सवमूर्तीच, सुरुवातीला नाखूश होते. लिमोन्चेल्लो जेवणानंतर, इवल्या थंडगार ग्लासातून, ही त्यांची सवय. स्प्रिट्झ हे उत्तरेकडचं, व्हेनेतोचं खूळ, असं ते म्हणाले. तरी दोन ग्लास प्यायले आणि बायकोसोबत नाचलेही.

त्यांची नातसून गरोदर होती. तिच्यासाठी आणि मुलांसाठी मी दुपारीच लिंबाच्या साली साखरेत चुरून ठेवल्या होत्या. तासा-दोन तासांत साखर तेल ओढून घेऊन ओलसर होते. त्यात रस घालून ती विरघळवली, गाळून घेतली, तोच ग्लास, तोच बर्फ, वर सोडा आणि सालीची पट्टी. सूर्य मावळेपर्यंत मोठी माणसंही ट्रेवर तोच ग्लास मागू लागली होती, आणि वेंगुर्ल्याचा पोरगा साखर चुरायला पुन्हा बसला होता.